खळीने चिकटवलेली वाक्यं

वही उजेडाकडे धरली आणि प्रत्येक शब्दाच्या खाली एकेक खिडकी उघडी दिसली. वाळवीचं काम नव्हतं. वाळवी लागली असती तर हातात नुसती माती आली असती. ही कसर. जुन्या कापडांत, जुन्या पुस्तकांत राहते ती, चंदेरी, चपटी, पळपुटी. पण तिनेही वाटेल तिथे तोंड घातलं नव्हतं. वरचं पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं ठेवून त्याच्या खालची रेघ तेवढी खाल्ली होती. एका शब्दाखाली एक फट, मग मधे जागा, मग पुढच्या शब्दाखाली दुसरी. अक्षर माझं. सातवी-आठवीतलं, उजवीकडे कललेलं, ओळीतून उतरून पळायच्या बेतात असल्यासारखं. फटींमधून अंगणातलं ऊन माझ्या मांडीवर पडत होतं.

अंगण मोरूचं. मोरू माझा धाकटा भाऊ; नागपूरच्या ज्या घरात आम्ही दोघं वाढलो तिथे आता तो आणि त्याची माणसं राहतात. मी अकरा वर्षं तिरुपूरला आहे, बनियन-टीशर्टच्या कारखान्यात, तयार माल तपासण्याच्या टेबलावर. मोरूचा फोन आला होता. हातमागाची खोली रिकामी करून तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे. "ताई, तुही एक पेटी हाये पत्र्याची. पाहून घे. नाहीतर भंगारवाल्याले देतो, मंग मले बोलू नको." माग कधीच गेला होता. त्याचे चार पाय रोवलेले होते ते खड्डे तेवढे फरशीखाली जायचे राहिले होते.

पेटीत हीच वही निघाली. तळाशी हात घातला तर बोटांना सुताचे तुकडे लागले. लाल, हिरवे, पिवळे, करंगळीएवढे. कधी काळी ते या फटींच्या जागी चिकटवलेले होते. जिने चिकटवले ती खळ होती तांदळाच्या कण्यांची. कसरीला तेवढीच हवी होती. खळ खाल्ली, तिच्याखालचा कागद खाल्ला आणि रंगाचं सूत टाकून दिलं.

मी ते तुकडे ओंजळीत घेऊन बराच वेळ बसले. वहिनीने दोनदा चहा विचारला.

खरं म्हणजे मी नागपूरला पेटीसाठी आले नव्हते, पळून आले होते. आमच्या लाइनची सुपरवायझर सेल्वी अक्का. मुलीचं बाळंतपण जवळ आलं म्हणून ती काम सोडून गावी निघाली आहे. शिफ्टचं रजिस्टर ती लिहिते, इंग्रजीत, कारण आमच्या मजल्यावर कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, कुणी तिथलंच, आणि एकाची लिपी दुसऱ्याला वाचता येत नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने ते रजिस्टर माझ्या डब्याशेजारी ठेवलं. "तू लिखेगी," म्हणाली, तिच्या त्या ठोक हिंदीत. "तीन लाइन. रोज तीन लाइन. क्या हुआ, किसने किया, क्या बाकी."

"अक्का, मैं आठवी तक..."

"मैंने आठवी पूछा? हाँ बोल या ना बोल."

मी म्हटलं, सुट्टीवरून आल्यावर सांगते. सुट्टी तोवर मागितलीही नव्हती.

मला ते काम नको होतं असं नाही. फार हवं होतं. अकरा वर्षं ट्यूबलाइटखाली शिवणी बघून बघून डोळ्यांपुढे संध्याकाळी पांढऱ्या रेघा नाचतात. रजिस्टर घेणाऱ्याला खुर्ची असते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला नावाने हाक मारतात. पण लिहिलेलं रजिस्टर दुसऱ्या शिफ्टचे सगळे वाचणार. तीन ओळी, रोज, सगळ्यांसमोर. या विचारानेच माझा डावा गाल ओढल्यासारखा व्हायचा. तो का ओढला जातो ते मला वही हातात येईपर्यंत आठवलं नव्हतं.

आमच्या गल्लीत ताणा निघायचा तो सूर्य कौलांवर यायच्या आत. महाल भागातल्या दुकानांच्या फळ्याही उघडलेल्या नसत तेव्हा इकडे गल्ली अर्धी भरलेली असे. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ पाजावी लागते, नाहीतर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या माराने ते फसकतं. त्यासाठी शेकडो तारा गल्लीच्या या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत कमरेच्या उंचीवर ताणायच्या, मधे मधे बांबूच्या कामट्या घालून, एकीला एक न लागू देता. हीच पाजणी. उन्हाळ्यात घाई, कारण नागपूरचं ऊन खळ मुरायच्या आधीच सुकवून टाकतं. थंडीत मजा, खळीच्या मडक्यातून वाफ निघे आणि आम्ही हात त्या वाफेवर धरायचो. तिचा वास आंबूस, कोमट, दुखणाईतासाठी केलेल्या पेजेसारखा. आजही कुठे भात उतू गेला की मी क्षणभर गल्लीत असते.

तेवढा वेळ वाट बंद. पण कुणाची तक्रार नसायची. दूधवाला सायकल आडवी करून ताण्याखालून काढायचा. पोस्टमन टोपी हातात घेऊन वाकायचा. आमच्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला वाकता येत होतं.

आम्ही आठ-नऊ पोरं ताण्याच्या दोन्ही अंगांनी उभी असायचो. खळीच्या कुंच्याचा हात फिरला की कुठेतरी एखादी तार तुटे. ज्याच्या समोर तुटली त्याने ती सांधायची. गाठ मारायची नाही. गाठ मागाच्या फणीत अडते. दोन्ही टोकं खळीत भिजवायची, एकावर एक ठेवायची आणि अंगठ्याखाली पीळ द्यायचा. सुकलं की कुठे तुटलं होतं ते सांधणाऱ्यालाही सापडायचं नाही.

कुंचा श्रावणकाकांच्या हातात. गल्लीतल्या सगळ्या घरांचे ताणे तेच पाजायचे. उंच माणूस, कुंच्याने पुढे ओढून नेल्यासारखा वाकलेला, कोपरापर्यंत खळ वाळून पांढरी झालेली. काका मॅट्रिक झालेले आहेत असं गल्ली मानायची. "मॅट्रिक होऊन कुंचा धरला बिचाऱ्यानं," असं बाया एकमेकींना सांगत. काका ते ऐकून घेत, खालमानेने, कुंचा चालवत.

काका मडक्याच्या काठावर कुंचा दोनदा आपटायचे. टप, टप. मग थोडा वेळ काहीच नाही. आम्हाला वाटायचं, काका केवढा खोल विचार करतात. आणि मग वाक्य यायचं, इंग्रजी, एकेक शब्द वेगळा काढलेलं.

"द. गोट. इज ईटिंग. द. पेपर."

समोर खरंच कुणाची तरी बकरी कागद खात असे. काकांची वाक्यं पुस्तकातली नसत, गल्लीतली असत. रांगेतल्या एकेका पोराला एकेक शब्द मिळायचा आणि काका कुंचा फिरवत एकेकासमोर थांबायचे.

"आंधी काम हुडका रे पोट्टे हो. काम सापडलं का करणारा कुठं जाते?"

मग माझ्यासमोर.

"तू कोन वं?"

"मी कागद, काका."

"कागद काय करून राहिला?"

"काहीच नाही. त्याले बकरी खाऊन राहिली."

"मंग तू करणारा हाये का?"

"नाही. माह्यावर काम होऊन राहिलं."

"हाव. पुढं."

काकांच्या तोंडून शाब्बास कधी ऐकलं नाही. बरोबर आलं की "पुढं" म्हणायचे आणि एक पाऊल सरकायचे, ताणाही तेवढा पाजून झालेला असायचा. चुकलं तर कुंचा नुसता झटकायचे. खळीचा शिंतोडा गालावर. पुसायची सोय नाही, दोन्ही हात तारांत. तो तिथेच वाळायचा आणि कातडी आवळून धरायचा, शाळेत जाईपर्यंत. माझा डावा गाल काकांच्या बाजूला असायचा.

मी भित्री होते. रोज मोजून अशा जागी उभी राहायचे की माझ्या वाट्याला 'द' यावा. 'द'ला कुणी काही विचारत नसे. काकांच्या ते लक्षात यायला दोन ताणे लागले.

"तू रोज 'द'च्याच जागी कशी सापडते वं?"

पोरं हसली. काकांची मुलगी सुमन, माझ्याच वयाची, माझ्या पुढे उभी राहायची, ती वळून म्हणाली, "ती मोजून येते, बाबा. मी पाह्यलं."

"चाल, इकडं ये. मधात." काकांनी मला रांगेच्या मधोमध आणून उभं केलं, जिथे काम, म्हणजे क्रियापद, यायचं. "आजपासून तू काम. बाकीचे बदलतीन, तू नाही." त्या सकाळी माझ्या हातून चार तारा तुटल्या. पण हळूहळू तिथे उभं राहण्याची सवय झाली. मधल्या जागेचं एक असतं, दोन्हीकडचं ऐकू येतं.

रंगही काकांनीच लावले. करणारा लाल, काम हिरवं, ज्याच्यावर काम होतं ते पिवळं, आणि कुठे, कधी, कसं सांगणारं बाकी सगळं कोऱ्या सुताचं. मागाखाली रंगीत सुताचे तुकडे पडलेलेच असत, काठाच्या विणीतून उरलेले. घरी येऊन मी वाक्य वहीत लिहायचे आणि एकेका शब्दाखाली एकेक तुकडा बोटभर खळीने चिकटवायचे. खळ काय, मडक्याच्या तळाशी उरलेलीच असायची. वही फुगत गेली, मिटेना. शाळेत बाईंनी ती दोन बोटांत उचलून वर्गाला दाखवली. "ही वही आहे की गोधडी?" आणि मला वाक्यातला सब्जेक्ट विचारला तेव्हा मी उभी राहून मोठ्यांदा म्हणाले, करणारा, लाल. वर्ग किती वेळ हसत होता. पण बाईंनी वही परत देताना पुन्हा एकदा उघडून पाहिली, हिरव्या सुतावरून बोट फिरवलं. ते मला आठवतं.

त्या दिवसांचं सगळंच असं हाताला लागणारं आहे. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीदिवशी माग बंद, गल्ली ओस, आणि तरी कान सवयीने खटखट शोधत राहायचे. आईच्या हातच्या सांबारवडीचा हिरवा, कोथिंबिरीचा वास, खळीच्या वासावर मात करणारा. बाबांनी धोटा फेकताना ओठ मिटून घेणं. पावसाचे चार महिने पाजणी आडोशाला, थोडी थोडी, आणि वाक्यंही मग तोकडी, दोन-तीन शब्दांची. थंडी पडली की पुन्हा लांब. एका डिसेंबरात काकांनी दहा शब्दांचं वाक्य केलं आणि शब्दाला पोरं कमी पडली, तेव्हा ताण्याखालून वाकून जाणाऱ्या पोस्टमनला काकांनी थांबवलं. तो टोपी काखेत धरून 'येस्टरडे' झाला आणि मग पत्रं वाटायला गेला.

आठवी झाली आणि माझी शाळा थांबली. त्या वर्षी आमच्या घरात बऱ्याच गोष्टी थांबल्या, त्यातली ती एक. मला आठवतो तो जून, पाऊस अजून यायचा होता. सुमन निळा स्कर्ट घालून ताण्याच्या रांगेतून परस्पर शाळेला पळाली, आणि मी सुकलेल्या ताण्याच्या कामट्या काढत बसले. दुसऱ्या सकाळी काकांनी कुंचा आपटला, वाक्य सांगितलं आणि नेहमीसारखे माझ्यासमोर थांबले.

"तू कोन?"

मी तार सांधत राहिले. बाबा ताण्याच्या खांबाशी होते, तिथून म्हणाले, "तिले काहून इचारता गा आता? शाळा सोडली तिनं."

काका तारांवरून हात फिरवत राहिले. "शाळा सोडली नं. पाजणी तं नाही सोडली." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "सांग वं माय. तुह्यावाचून वाक्य अडून राहिलं."

मी सांगितलं. "पुढं," म्हणाले.

त्यानंतर दोन हिवाळे मी मधे उभी होते. वहीत मात्र लिहिणं बंद केलं. शाळेत कुणाला दाखवायचं नव्हतं, मग कशाला लिहायचं, असा त्या वयाचा राग. म्हणून या वहीची शेवटची पानं कोरी आहेत. कसर तिकडे गेलीच नाही, तिथे खायला काही नव्हतं. जी पानं मी लिहिली नाहीत ती तेवढी शाबूत.

मग पाजणी केलेलं सूत बाहेरून तयार यायला लागलं, माग एकेक करून बसले, गल्लीत सकाळी दुचाक्या सरळ जायला लागल्या. शेवटचा ताणा कोणता ते कुणालाच माहीत नाही. शेवटचा म्हणून कुणी पाजला नव्हता. काका नागपूरजवळ कन्हानला सुमनकडे राहायला गेले, हे मला तिरुपूरला कळलं, फोनवर, दुसऱ्याच कशावर तरी बोलताना.

"काका कसे आहेत रे?" मी मोरूला विचारलं, ओंजळ अजून तशीच.

"हायेत नं. कानानं कमी. जाऊन ये, बस मिळते. पण ताई," तो वहीकडे बघत म्हणाला, "हे घेऊन जाशीन तं हसतीन ते."

वही पिशवीत घालून मी कन्हानला गेले. बसमधे सारखी पिशवी चाचपत होते, जणू आत दूध आहे. नदीच्या पुलावरून पाणी खाली अंग चोरून वाहताना दिसलं. सुमनच्या घरासमोरची झाडं कोळशाच्या गाड्यांनी काळपट झालेली. सुमन दारातच भेटली, गळ्यात पडली, केस पांढरे झाले म्हणून मला आणि स्वतःलाही बोलली. मग ओसरीकडे हात करून, "जा, बसले हायेत. दिवसभर मले चुका सांगत राहतात. माह्या पोट्ट्याच्या मोबाइलमधल्या बी."

काका खाटेवर. वाकलेपण गेलं नव्हतं, कुंचा तेवढा नव्हता. मी नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. चेहरा कोराच. मग म्हटलं, "काका, मी काम. मधातली."

"'द'वाली," ते म्हणाले. "मोजून उभी राहणारी."

मी वही दिली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडे केली. फटींतून आलेलं ऊन त्यांच्या कपाळावर आडवं-आडवं पडलं. मग ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. "कसरीनं बी व्याकरन केलं वं. एक बी शब्द चुकला नाही. कोन सांगतलं होतं तुले खळीनं चिकटवाले?"

"मडक्यात उरायची नं."

"उरे. खरं हाये."

मी रजिस्टरचं सांगितलं. सेल्वी अक्काचं, तीन ओळींचं, दुसऱ्या शिफ्टच्या माणसांचं. आणि मग आतून जे इतके दिवस वर येत होतं ते म्हटलं. "मले भेव लागते, काका. मले नाही जमनार. तुमच्यासारखी मॅट्रिक असती तं..."

काकांनी खाटेशेजारचा पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"मी मॅट्रिक नाही," ते म्हणाले.

सुमन आतून म्हणाली, "बाबा."

"आता काय बाबा. इंग्रजीतच उडालो होतो मी. तीन खेपा. गल्लीनं मॅट्रिक म्हटलं, मी नाही म्हटलं नाही. बस." त्यांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "बिनपुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं माह्यापाशी. रोज संध्याकाळी त्यात पाहून एक वाक्य जुळवो. सकाळी तुम्हा पोट्ट्यांसमोर उभं राहिलो का अर्धं इसरून जाये. म्हणून तं कुंचा आपटो. दोन डाव. तेवढ्यात आठवलं तं आठवलं."

मला ते टप, टप ऐकू आलं आणि त्यानंतरची ती शांतता, जिला आम्ही विचार समजायचो.

"रोज भेव लागे," काका म्हणाले. "कोनी पोट्टं शाळेत गेलं अन् मास्तर म्हनला, हे चूक हाये, तं मी उघडा. तुही ती गोधडीवाली वही शाळेतून वापस आली, त्या दिवशी मी तुह्या बाले दोनदा इचारलं, काही म्हनले का शाळेत?"

"मंग काहून शिकवत होते, काका?"

"काहून म्हंजे? तुम्ही उभेच तं होते. हात गुतलेले, तोंड मोकळं. मोकळ्या तोंडानं भांडत. भांडले का तारा तुटत." त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. "आंधी त्यासाठीच. मंग मले बी गोडी लागली."

मी म्हटलं, "तरी मले नाही जमनार."

काकांनी पेल्यात चार बोटं बुडवली आणि माझ्यावर झटकली. डाव्या गालावर. पाणी होतं, तरी कातडीने ते ओळखलं.

"वही उघड. मागचं पान. इकडं यायच्या आंधी तुह्या कारखान्यात काय झालं होतं, सांग."

"सुई तुटली. चार नंबरच्या लाइनवर. मुथूनं बदलवली."

"लिही मंग."

सुमनने मुलाच्या दप्तरातून पेन्सिल आणून दिली. मी लिहिलं, शाबूत पानावर. मुथू चेंज्ड द नीडल. अक्षर तसंच, उजवीकडे कललेलं. काका वाचत राहिले, ओठ हलवत.

"काम?"

"चेंज्ड."

"करणारा?"

"मुथू."

"अन् तू कुठं हाये याच्यात?"

मी वाक्याकडे पाहिलं. "मी नाही याच्यात. मी लिहून राहिली."

"मंग भेते कायले? तुटली ते सुई. बदलवली मुथूनं. तू सांगूनच तं राहिली." त्यांनी दुपट्ट्याच्या टोकातून एक धागा ओढला, दातांनी तोडला, जिभेवर ओला केला आणि बोटाने माझ्या शब्दाखाली ठेवला. बरोबर कामाच्या खाली. "हिरवा नाही. चालवून घे."

मी पाया पडायला वाकले. आभाराचं काहीतरी म्हणायचं बसमधे ठरवलं होतं. आठवी सुटल्याच्या दुसऱ्या सकाळचं, मधल्या जागेचं, सगळं ओळीने. ते सुरू करायच्या आतच काकांचा हात माझ्या डोक्यावर आला, हलका, कुंचा टेकवावा तसा.

"उठ वं. बस चुकन."

तिरुपूरला परतले त्या सकाळी अक्का मशिनींच्या रांगेच्या टोकाशी उभी होती. नुसतं रजिस्टर पुढे केलं. मी म्हटलं, "हाँ, अक्का." खुर्ची अजून तिचीच होती, म्हणून मी उभीच राहिले. शिफ्ट संपायला अर्धा तास होता. त्या दिवशी माल पुढे नेणाऱ्या पट्ट्याची एक मशीन बंद पडली होती, दोघींनी मिळून माल हातावर ओढला होता, आणि चाळीस पीस राहिले होते. सगळं मला माहीत होतं. तरी पान समोर आलं आणि डोळ्यांपुढे पांढऱ्या रेघा. गाल ओढला गेला.

मी पेन टेबलाच्या काठावर आपटलं. दोनदा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिलं. तिला वाटलं असेल, बाई विचार करतेय.

मग मी आधी काम शोधलं. करणारे त्याच्या आसपास होतेच.

तीन ओळी झाल्या. अक्काने चष्मा लावला, रजिस्टर स्वतःकडे वळवलं. दुसऱ्या ओळीत तिचं लाल पेन थांबलं, एका शब्दात तिने एक अक्षर घातलं. तिसरी ओळ वाचली. खाली सही केली. मी तिच्या बोटांकडे बघत होते, पानाच्या कोपऱ्याला धरलेल्या.

तिने पान उलटलं, कोरं पान माझ्यापुढे केलं आणि म्हणाली, "नेक्स्ट."

खळीचा तो आंबूस, कोमट वास आला कुठूनतरी. मी एक पाऊल पुढे सरकले.